मागाजवळची वाटी

"एक माणूस, नागोराव. मला फक्त एक माणूस दाखवा."

वामनराव जेलर मागाच्या कडेला उभे राहून बोलत होते आणि नागोराव खाली बसून तुटलेली तार शोधत होते. सतरंजीचा माग म्हणजे जमिनीलगत आडवा ताणलेल्या सुताचा पट्टा. त्यात एक तार तुटली की बाकीच्या लगेच कुरकुरायला लागतात. नागोरावांना तार सापडली. तिची दोन्ही टोके त्यांनी ओठांत धरून ओली केली, चिमटीत पिळली आणि शेजारी बसलेल्या कैद्याच्या हातात दिली. त्यानेही ती ओठांना लावली, आणखी एक पीळ दिला आणि गाठ मारली. तुरुंगाच्या कारखान्यात हे दिवसभर चालायचे. कोणाचे तोंड कोणत्या जातीचे, हे तिथे कोणी विचारत नसे. तिथे सगळ्यांचे कपडे सारखे होते आणि सगळ्यांना घरची आठवण सारखीच येत होती.

"वरून विचारणा झालीय," वामनराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण वरून विचारणा झाली की त्यांना रात्री झोप लागत नसे. "इथून विणकाम शिकून गेलेला एक तरी कैदी बाहेर विणतो का? विणत असेल तर कारखाना राहील. नसेल तर माग नागपूरला जातील आणि ही माणसं भाजीच्या वाफ्यावर."

"आन मी, साहेब?"

"तुमचीही सोय होईल कुठे तरी."

या 'कुठे तरी'चा अर्थ नागोरावांना पक्का ठाऊक होता. त्यांचा बाप लोहारा गावात घरच्या मागावर जाडेभरडे कापड विणायचा. गिरणीचे कापड आले आणि त्याचीही अशीच 'कुठे तरी' सोय झाली, म्हणजे तो गिट्टी फोडायला गेला. बापाकडून नागोरावांना वारशात मिळाले ते एवढेच, तार ओठांत धरून जोडायची ती खोड. "सुताले तोंडाची ओल लागते. पान्यानं तार फुगते, थुंकीनं पकडते," असे बाप म्हणायचा. तेवढ्या जोरावर नागोरावांना तुरुंगात विणकाम शिकवायची नोकरी लागली आणि लोहाऱ्याहून सायकलने जायचे, लोहाऱ्याला सायकलने यायचे, यात आयुष्य सरत आले. कैदी शिकत, सुटत, दारात वाकून नमस्कार करत. मग कोणी परत कापूस वेचायला लागे, कोणी परत चोरी करायला. विणायला कोणीच बसत नसे. पहिली काही वर्षे नागोरावांना याचे फार वाईट वाटायचे. पुढे पुढे वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आला.

एक हरिसिंग मात्र वेगळा होता.

हरिसिंग घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. बैलबाजारातल्या भांडणात त्याच्या काठीने एकाचा जीव गेला आणि तो लांब शिक्षेवर आला. पहिले वर्षभर तो कोणाशी बोलला नाही. त्याला मागावर बसवले तेव्हाही बोलला नाही, पण सुताला हात लागला आणि त्याच्या खांद्यातला ताठा गेला. एके दिवशी आपणहून म्हणाला, "मास्तर, आमचे म्हातारे बैलाच्या पाठीवर गोन्या टाकून मुलूखभर धान्य न्यायचे. त्या गोन्या बी कोनी तरी विनतच असंल, नाई का?" त्यानंतर तो बोलायला लागला. बायको भुरीबाई, पोरगी जमनी, एक मेलेला बैल, सगळे त्याने मागावर बसून नागोरावांना सांगितले. सुटताना तो म्हणाला, "मी विनीन, मास्तर." नागोरावांनी लोहाराकडून एक पंजा घडवून घेऊन त्याला दिला होता. आडवे सूत ठोकून बसवायचा, लोखंडी दातांचा. असा पंजा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिला नव्हता.

वामनरावांनी विचारले त्या आठवड्यातच हरिसिंगचा भाऊ शंकरसिंग तुरुंगाच्या दारात येऊन उभा राहिला.

"हरिसिंगनं बलावलं हाये. रविवारी तांड्यावर या म्हनते."

"विनते का तो?" नागोरावांनी आधी तेच विचारले.

"माग टाकला हाये त्यानं," शंकरसिंग म्हणाला आणि दुसरीकडे पाहायला लागला. "या तुमी. काम हाये."

नागोरावांनी त्याचे दुसरीकडे पाहणे पाहिले नाही. माग टाकला आहे, एवढेच त्यांना ऐकू आले.

रविवारी तुळसाबाईने त्यांना धुतलेला पांढरा सदरा काढून दिला. "लग्नाले चालले का?" असे विचारून घेतले. नवरा इतका उतावीळ झालेला तिने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. नागोराव मोटारीने घाटंजीला उतरले आणि तिथून पायी निघाले. कापूस वेचून झाला होता आणि शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. पाय दुखत होते, पण आज त्यांची कुरकुर नव्हती. उद्या साहेबांसमोर जाऊन म्हणायचे, हा घ्या एक माणूस. वाक्य त्यांनी वाटेत दोन-तीनदा म्हणूनही पाहिले.

हरिसिंगचे घर तांड्याच्या कडेला होते. शेजारी पऱ्हाट्यांचा छोटा मांडव आणि मांडवात माग. नागोराव तिथेच थांबले. बाभळीच्या खुंट्या नीट ठोकलेल्या, उभ्या सुताचा ताणा डफासारखा ताठ, आणि त्यावर लाल-निळ्या पट्ट्यांची अर्धी सतरंजी. काठ सरळ. कुठे सैल नाही, कुठे आवळलेले नाही. त्यांनी वाकून तिच्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. नोकरीच्या इतक्या वर्षांत तुरुंगाच्या भिंतीबाहेर ते पहिल्यांदाच आपले काम पाहत होते.

मग त्यांच्या लक्षात आले की सतरंजीवर धूळ बसली आहे. पंजा एका फडक्यात गुंडाळून मांडवाच्या वाशाला टांगून ठेवला होता.

"राम राम, मास्तर," मागून हरिसिंग म्हणाला. तुरुंगात त्याचा आवाज याहून मोठा होता.

"काहून बंद ठेवला रे माग?"

"नायक येऊन राह्यले. ते सांगतीन."

तांड्याचे प्रमुख, नायक बाबूसिंग आले. पांढऱ्या मिशांचे, काठी टेकत चालणारे. बरोबर शंकरसिंग आणि आणखी एक पाहुणा. तो फुलसिंग, फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा, जमनीचा होणारा सासरा. बाजा टाकल्या गेल्या आणि माणसे बसली. नागोरावांसाठी शंकरसिंगने थोड्या अंतरावर एक पोते अंथरले. नागोरावांनी पोत्याकडे पाहिले. छप्पन साली नागपूरच्या मैदानावर लाखो माणसांत बसून त्यांनी धम्म घेतला होता, तेव्हा त्यांना वाटले होते की आता असे पोते आपल्या वाट्याला येणार नाही. गावात, तुरुंगात ते फारसे आलेही नव्हते. आता पाय दुखत होते, म्हणून ते पोत्यावर बसले.

"मास्तर," नायक म्हणाले, "तुमी सरकारी मानूस. तुमी खोटं बोलनार नाई, मनून तुमाले बलावलं. राग नका मानू."

"बोला."

"हरिसिंग तुरुंगात जाऊन आला. तिथं कोनाच्याही हातचं खाल्लं. ते त्याच्या मर्जीचं नोतं. त्यानं जातीले पंगत घातली, त्याले आमी परत जातीत घेतलं. ते मिटलं. मंग त्यानं माग टाकला. त्याचं बी कोनाले काही नाई. सुताले, कापडाले हात कोनाचा बी लागते. बाजारातून लुगडं आनतो तं कोन इचारते, कोनं विनलं?" नायकांनी फुलसिंगकडे पाहिले. "पन हे पाहुने पोरीची तारीख काढाले आले, तवा हरिसिंग मागावर बसला होता. तार तुटली. त्यानं तोंडात घेतली."

"मी इचारलं," फुलसिंग म्हणाला. तो उद्धट नव्हता. आपले चुकत तर नाही ना, अशा काळजीने बोलत होता. "म्हनलं, हे कोनं शिकवलं? हा म्हने मास्तरनं. म्हनलं, कसं? हा म्हने, मास्तर तोंडात धरते, मंग माह्याजवळ देते, मंग मी तोंडात धरतो."

हरिसिंग खाली मान घालून बसला होता. तुरुंगात इतकी वर्षे राहून हा माणूस खोटे बोलायचे विसरून आला होता. विचारले आणि सांगून मोकळा झाला, तेही कौतुकाने, आपल्या मास्तरांची गोष्ट म्हणून.

"खाल्लं ते तुरुंगात राह्यलं," नायक म्हणाले. "पन हे तं रोज चालू हाये. रोज तो तुमची थुंकी... म्हनजे तुमचीच रीत तोंडात घेते. पाहुन्याच्या घरी म्हाताऱ्या बाया हायेत, त्या आयकत नाईत. सोयरीक मोडते म्हनतात. मी म्हनलं, थांबा. हरिसिंग घाबरला असंल, त्याले नीट आठवत नसंल. मास्तरले इचारू. तुमी म्हनलं का तुरुंगात पानी लावतात, तं गोष्ट संपली. माग चालू द्या, लगन होऊ द्या. तुमी म्हनलं का नाई, तोंडच लावतो, तं मंग माग मोडा, पंजा नाल्यात टाका, आन पुन्हा पंगत."

भुरीबाई दारात उभी होती. तिच्या मागे जमनी, हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या. पोरीला सगळे कळत होते. ती नागोरावांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि याच तोंडाची चौकशी चालली होती.

नागोरावांना राग आला. इतका की कानशिले तापली. उठावे आणि सांगावे, हो, माझीच थुंकी, माझ्या बापाची रीत, तुमच्या पोराला माणसात आणले ते या थुंकीने. तो मुका होऊन मरायला बसला होता तेव्हा तुमची नसाब, ही तांड्याची पंचायत, कुठे होती, तुमच्या म्हाताऱ्या बाया कुठे होत्या? नागपूरच्या मैदानावर घेतलेल्या प्रतिज्ञांत खोटे बोलणार नाही ही एक होती, आणि ती घेताना त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. खरे बोलायला आता अडचण काय होती?

अडचण मांडवात होती. अर्धी सतरंजी, सरळ काठाची. आणि दारात बांगड्या. आणि खरे सांगायचे तर उद्याचे साहेबही होते, तो 'एक माणूस'ही होता. आपण नेमके कोणासाठी बोललो, हे नागोरावांना पुढेही कधी नीट उलगडले नाही.

"पानी लावतो," ते म्हणाले.

"काय म्हनलं?"

"तुरुंगात पानी लावतो आमी. मागाजवळ वाटी असते. बोट बुडवाचं, तारेले लावाचं. तोंड लावाचा रिवाज नाई." आवाज आपलाच आहे याचे त्यांना नवल वाटले. "हरिसिंगले घाई असते. वाटी दूर असंल तं लावलं असंल त्यानं तोंड, त्याचं त्यानं. माह्यं पाहून नाई."

फुलसिंगने सुस्कारा टाकला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्यालाही सोयरीक मोडायची नव्हती. बाबूसिंग नायक मात्र नागोरावांकडे बराच वेळ पाहत राहिले. बैल घेताना हा म्हातारा जसे दात न बघताच त्याचे वय ओळखायचा, तसेच हेही त्याने ओळखले असावे. पण तो म्हणाला एवढेच, "झालं. मास्तर खोटं कायले बोलतीन. जमने, पानी आन."

पाणी जमनी नाही, भुरीबाई घेऊन आली. तिने तांब्या उंच धरला. नागोरावांनी ओंजळ पुढे केली आणि वरून धार पडली. पाणी गार होते. त्यांना तहान लागली होती, म्हणून ते प्यायले. पिऊन झाल्यावर भुरीबाई तशीच उभी राहिली. तिला काही तरी बोलायचे होते आणि ते कोणत्याच भाषेत तिच्याजवळ नव्हते. शेवटी तिने रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि आत गेली.

हरिसिंग त्यांना सडकेपर्यंत पोचवायला आला. नाल्याच्या उतारावर नागोरावांच्या कापडी पिशवीचा बंद तुटला आणि तुळसाबाईने बांधून दिलेला भाकरीचा फडका मातीत पडला. वाटेत खायचे म्हणून दिलेली भाकर तशीच राहिली होती.

"आना इकडं," हरिसिंग म्हणाला. त्याने बंदाचे दोरे सोडवले, ओठांत धरले, चिमटीत पीळ दिला आणि गाठ मारली. नागोरावांनी शिकवले होते अगदी तसे. मागे नाल्यापलीकडून कोणी पाहत आहे का, हे त्याने वळूनही पाहिले नाही. फडका झटकून पिशवीत घातला.

"मास्तर, तुमी खरं सांगतलं असतं तरी म्या काही म्हनलं नसतं."

"तुले पोरगी हाये."

"हो." थोडे चालून तो म्हणाला, "आता काय करू? पानी लावू का?"

"लोक असतीन तवा पानी लाव."

"आन कोनी नसंल तवा?"

नागोरावांनी पिशवीच्या बंदाची गाठ चाचपली.

"कोनी नसंल तवा म्या तुमी शिकवलं तसंच लावीन," हरिसिंग म्हणाला. "तुमाले म्हनून सांगतो."

"काठ सैल नको सोडू," नागोराव म्हणाले. "चांगली झाली हाये सतरंजी."

मोटार मिळायला उशीर झाला. घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. तुळसाबाईने ताट वाढले आणि विचारले, "पाह्यला का माग?"

"पाह्यला."

"मंग तोंड असं काहून?"

त्यांनी तिला सगळे सांगितले. पोत्याचे, बांगड्यांचे, ओंजळीचे. वाटीचे सांगताना ते थांबले आणि मग तेही सांगितले. तुळसाबाई ऐकत राहिली. नवऱ्याबरोबर तीही नागपूरला गेली होती, पांढरे लुगडे नेसून, दोन दिवसांच्या भाकरी बांधून.

"मामंजी असते तं काय म्हनले असते?" ती हळूच म्हणाली.

"बापानं बी आयुष्यभर ओंजळीनंच पानी पेलं," नागोराव म्हणाले. "तो काय म्हनला असता."

आपण हे बोलायला नको होते, असे त्यांना लगेच वाटले. बापाला त्यांनी उगाच मध्ये ओढले होते. बापाने ओंजळीने पाणी प्यायले होते हे खरे, पण आपल्या तोंडची रीत त्याने कधी नाकारली नव्हती. त्याला तसे कोणी विचारले नव्हते, एवढेच. त्यांना जेवण गेले नाही.

सकाळी निघताना ते म्हणाले, "घरात एखादी जुनी वाटी असंल तं दे."

तुळसाबाई उठली. फळीवरून एक जर्मनची वाटी काढली, चेपलेली. राखेने घासून, धुऊन, पदराला पुसून त्यांच्या पिशवीत ठेवली.

वामनराव खूश झाले. तांड्याचे नाव, माणसाचे नाव त्यांनी दोनदा विचारून घेतले. "खरोखर विणतो ना? तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"पाह्यलं, साहेब. लाल-निळी सतरंजी हाये. काठ सरळ हाये."

"वा. म्हणजे माणूस सुधारला."

"हो साहेब," नागोराव म्हणाले. "तो सुधरला."

कारखाना राहिला. माग नागपूरला गेले नाहीत आणि नागोरावांची 'कुठे तरी' सोय लावायची वेळ आली नाही. आनंद व्हायला हवा होता. त्यांनी वाट पाहिली, पण तो आला नाही. त्यांनी हौदावरून वाटीत पाणी आणले आणि मागाच्या कडेला ठेवले. शेजारी बसणारा कैदी पाहतच राहिला.

"हे कायले, मास्तर?"

"तार जोडाले. आजपासून पानी लावाचं."

"पान्यानं फुगते तार. तुमीच सांगतलं होतं."

"सांगतलं असंल. आता पानी लाव."

कैद्याने खांदे उडवले. तुरुंगात नवा नियम येतो तेव्हा कारण विचारायचे नसते, हे तो आल्या आल्याच शिकला होता. दुपारपर्यंत सगळे बोट बुडवायला लागले. कोणी विसरून तार तोंडाकडे नेली की नागोराव नुसते वाटीकडे बोट दाखवत.

संध्याकाळी घंटा झाली. कैदी रांगेने बराकीकडे गेले आणि वॉर्डर त्यांच्यामागून गेला. कारखान्यात नागोराव एकटे उरले. खिडकीतून ऊन आडवे येऊन ताण्यावर पडले होते आणि त्यात मधली एक तार लोंबताना दिसत होती. सकाळी जोडलेलीच पुन्हा सुटली असावी. ती तशीच ठेवून घरी जाता आले असते, पण तुटलेली तार सोडून जायची त्यांना सवय नव्हती.

ते खाली बसले. दोन टोके धरली. हात आपोआप वर आला, ओठांजवळ आला. पाहायला कोणी नव्हते. घाटंजीच्या त्या तांड्यावर हरिसिंग या घटकेला काय करत असेल, हे त्यांना ठाऊक होते.

नागोराव हात तसाच धरून बसले. मग त्यांनी वाटी जवळ ओढली, बोट बुडवले आणि तारेला लावले. पीळ दिला, गाठ मारली. गाठ सुटली. त्यांनी पुन्हा बोट बुडवले.